सामना सरावाचा, गुडघा खरा

२० जुलै २०२४. लंडनच्या ओटू अरेनात हाफ टाइमचा भोंगा वाजला तेव्हा फलकावर आकडे होते : दक्षिण सुदान ५८, अमेरिका ४२. एका बाकावर लेब्रॉन जेम्स, स्टीफन करी, अँथनी एडवर्ड्स. दुसऱ्या बाकावर २०११ मध्ये जन्माला आलेल्या, छताखालचं एकही बास्केटबॉल कोर्ट नसलेल्या देशाची पोरं. त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष लुओल डेंग, एकेकाळचा एनबीएतला खेळाडू, संघाचा खर्च बराच काळ स्वतःच्या खिशातून भागवत आलेला. सट्टेबाजांनी अमेरिका चाळीसहून जास्त गुणांनी जिंकेल असं धरलं होतं. शेवटची वीस सेकंद उरली तेव्हाही दक्षिण सुदान १००-९९ असा पुढेच होता. मग लेब्रॉन चेंडू घेऊन सरळ आत घुसला, आठ सेकंद राहिली असताना त्यानं ले-अप टाकला आणि १०१-१०० वर अब्रू वाचली.

हा सामना कुठल्याही गुणतक्त्यात धरला जाणार नव्हता. पॅरिस ऑलिंपिकच्या आधीचा सराव सामना, एवढंच.

आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, पण माझ्या ओळखीची दोन माणसं जागी होती. एक म्हणजे पुण्यात चाळीसेक वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवणारे आमचे सर. दुसरी त्यांचीच जुनी खेळाडू. ती आता एका विमा कंपनीत क्लेमचं काम बघते आणि अजूनही संध्याकाळी मैदानावर चक्कर टाकते. सर तिला चेष्टेनं ‘विमावाल्या बाई’ म्हणतात. त्या सामन्यावरून दोघांचा जो वाद पेटला, तो अधूनमधून अजून चालू असतो. परवा मी शेजारी बसून नीट ऐकला. मैदानावर मुलींची ड्रिल चालू होती, त्यामुळे सरांची निम्मी वाक्यं शिट्टीनं तुटत होती. ती मी जोडून घेतली आहेत.

विमावाली : सर, मला एवढंच सांगा, लेब्रॉन तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा. एकवीस हंगाम खेळून झालेले. त्यानं त्या रात्री जिवाच्या आकांतानं खेळायची गरज काय होती? हरले असते तर काय बिघडलं असतं? ऑलिंपिकची जागा गेली असती?

सर : जागा नसती गेली, समज गेली असती. अगं, तो एनबीएचा खेळ आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांचा, फिबाच्या नियमांचा खेळ एक आहे असं वाटतं का तुला? अठ्ठेचाळीस मिनिटांऐवजी चाळीस. थ्री-पॉइंटची रेघ जवळजवळ अर्धा मीटर आत. सहाऐवजी पाच फाउलवर बाहेर. तिकडे डिफेन्सच्या माणसाला रंगाच्या पट्ट्यात तीन सेकंदांवर थांबता येत नाही. इकडे तो खुशाल तंबू ठोकून बसतो. आणि रिंगवरचा चेंडू?

रिंगवरच्या चेंडूची गोष्ट सरांनी हातात चेंडू घेऊन दाखवली. एनबीएत चेंडू रिंगवर घुटमळत असेल आणि बास्केटच्या वर असेल तर त्याला हात लावायचा नाही. तो पडेल किंवा पडणार नाही, बघत उभं राहायचं. फिबात एकदा चेंडू रिंगला लागला की तो सगळ्यांचा. कुणीही उडी मारून तो उडवावा किंवा आत ढकलावा. पंधरा वर्षं हात मागे ठेवायची सवय लागलेल्या खेळाडूला हे तोंडी सांगून उपयोग नाही. चेंडू रिंगवर नाचताना तो पाव सेकंद थबकतो, आणि तेवढ्यात समोरचा उडवून मोकळा होतो. ‘हा पाव सेकंद फक्त सामन्यातच जातो,’ सर म्हणाले.

विमावाली : मान्य. मग केव्हिन ड्युरंटचं काय? पोटरी दुखावली म्हणून लास व्हेगास, अबू धाबी, लंडन, पाचच्या पाच सराव सामने तो बाकावर बसून होता. आणि ऑलिंपिकच्या पहिल्याच सामन्यात सर्बियाविरुद्ध बाकावरून उठून आला आणि २३ गुण टाकले. पहिले आठच्या आठ शॉट आत. त्याचा पाव सेकंद कुठे गेला?

सर : (हसत) तो २०१० पासून फिबाचं खेळतोय. त्या वर्षीच्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू होता. पॅरिसला जाताना त्याच्या गळ्यात तीन ऑलिंपिक सुवर्णं होती. त्याला काय रंगीत तालीम लागणार? तू अपवाद आणून नियम मोडायला बघतेस.

विमावाली : तुम्ही तरी दुसरं काय करता? सराव सामन्याचा निकाल काय सांगतो ते तरी सांगा. २०२१ मध्ये नायजेरियानं लास व्हेगासमध्ये अमेरिकेला ९०-८७ हरवलं. त्याच्या नऊ वर्षं आधी लंडन ऑलिंपिकमध्ये त्याच नायजेरियावर अमेरिकेनं १५६-७३ असा वरवंटा फिरवला होता, म्हणून केवढी बातमी झाली. दोन दिवसांत ऑस्ट्रेलियानंही हरवलं. मग टोकियोत काय झालं? अमेरिकेला सुवर्ण, आणि नायजेरिया तिन्ही सामने हरून घरी. निकालाचा आणि पुढच्या स्पर्धेचा काडीचा संबंध नाही.

सर : निकालाचा नसेलही. शिकण्याचा आहे. २०२३ ला अबू धाबीत जर्मनी सोळा गुणांनी पुढे होता. अमेरिकेनं ते भरून काढून ९९-९१ असं जिंकलं. सगळ्यांनी एडवर्ड्सच्या ३४ गुणांचं कौतुक केलं. जर्मनांनी मात्र त्यातली पहिली तीस मिनिटं बघितली. तीन आठवड्यांनी मनिलात उपांत्य फेरीत त्याच अमेरिकेला ११३-१११ असं बाहेर काढलं आणि विश्वचषक घेऊन गेले. आणि उलटंही आहे. २००४ ला कलोनमध्ये इटलीनं अमेरिकेला ९५-७८ असं धुतलं. ती धोक्याची घंटा होती. ऐकली कुणी? अथेन्समध्ये पोर्तो रिकोनं पहिल्याच सामन्यात १९ गुणांनी लोळवलं, शेवटी ब्राँझवर समाधान.

इथे मला सरांची बाजू जड वाटली. सराव सामना हरण्यासाठीसुद्धा असतो. १९९२ च्या ‘ड्रीम टीम’चे प्रशिक्षक चक डेली यांनी आपल्या संघाला सान दिएगोजवळ ला होयात कॉलेजच्या पोरांशी खेळवलं. ग्रँट हिल, पेनी हार्डवे, ख्रिस वेबर ही ती पोरं. मायकेल जॉर्डनला बराच वेळ बाकावर ठेवलं आणि संघ ५४-६२ असा हरला. बातमीदारांना आत सोडायच्या आधी फलक पुसला गेला, असं सांगतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं पुन्हा समोर उभी केली तेव्हा ड्रीम टीमनं त्यांचा चुराडा केला. डेलींना पाहिजे होतं ते एका पराभवात मिळालं होतं.

पण विमावाल्या बाईंनी तोवर फाइल उघडली होती.

विमावाली : आता माझी ऐका. १ ऑगस्ट २०१४, लास व्हेगास, थॉमस अँड मॅक सेंटर. समोर दुसरा देशही नाही, अमेरिकेचेच दोन संघ करून आपापसातला सामना. निळे विरुद्ध पांढरे. चौथा क्वार्टर. जेम्स हार्डन ले-अपला निघाला, पॉल जॉर्ज मागून अडवायला उडाला.

पुढचं तिनं हळू सांगितलं. पॉल जॉर्ज खाली आला तेव्हा त्याचा उजवा पाय बोर्डच्या खांबाच्या गादी लावलेल्या पायथ्यावर आपटला आणि गुडघ्याखाली, जिथे पाय वाकत नसतो, तिथे वाकला. नडगीची दोन्ही हाडं मोडली. खेळाडू तोंड फिरवून उभे राहिले. त्याचे आईवडील स्टेडियममध्येच होते. अमेरिकेचे प्रशिक्षक माइक शशेव्हस्की यांनी सामना तिथेच थांबवला. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली.

विमावाली : आदल्या हंगामात त्याचा इंडियाना पेसर्स ५६ सामने जिंकून कॉन्फरन्सच्या अंतिम फेरीत गेला होता. नंतरच्या हंगामात ३८ जिंकले, प्लेऑफसुद्धा हुकलं. पॉल जॉर्ज एप्रिलमध्ये परत आला, सहा सामने खेळला. त्याचा नवा करार नऊ कोटी डॉलरच्या घरातला, नुकताच सुरू होत होता. पगार कोणाचा? पेसर्सचा. लीगनं त्यांना बदली खेळाडू घ्यायला ५३ लाख डॉलरची सवलत दिली. पॉल जॉर्ज ५३ लाखांत मिळतो का सर?

सर : तो तर अपघात गं. खांब जवळ होता म्हणून.

विमावाली : अपघातच असतात सगळे, म्हणून तर माझं घर चालतं. पुढच्याच वर्षी डान्टे एक्झम. ऑस्ट्रेलियाचा पोरगा, वीस वर्षांचा, युटानं एनबीए ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडलेला. स्लोव्हेनियात सराव सामना खेळताना गुडघ्यातलं एसीएल लिगामेंट फाटलं. अख्खा हंगाम गेला. तिथे खांब नव्हता, कोणी धक्काही दिला नव्हता.

सर गप्प झाले. शिट्टी मात्र वाजवली. मी वातावरण हलकं करायला डॅनिलो गॅलिनारीचं नाव काढलं. २०१७ मध्ये ट्रेन्टोत इटलीचा नेदरलँड्सशी सराव सामना होता. गॅलिनारीनं समोरच्या खेळाडूला ठोसा मारला, स्वतःचाच अंगठा मोडून घेतला आणि युरोबास्केट हुकवलं.

‘तो क्लेम मी फाडून टाकला असता,’ ती म्हणाली, आणि सरसुद्धा हसले.

खरं तर वाद देशभक्तीचा आहे असं वरवर वाटतं. देश मोठा की क्लब, असा प्रश्न टाकला की आपल्याकडे तर लगेच आयपीएल आठवतं आणि मंडळी बाह्या सरसावतात. पण ही बाई त्या वाटेला गेलीच नाही. तिचा प्रश्न हिशेबाचा होता. पॉल जॉर्ज पडल्यावर डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्युबन यांनी हाच आवाज काढला होता : जोखीम आमची आणि कमाई ऑलिंपिक समितीची, हा कुठला व्यवहार? एनबीए आणि फिबा यांच्यातल्या कराराप्रमाणे क्लबला खेळाडू अडवता येत नाही. अडवायचा तर रास्त वैद्यकीय कारण दाखवावं लागतं. २०१४ मध्ये सॅन अँटोनिओनं मनू जिनोबिलीला पायाच्या स्ट्रेस फ्रॅक्चरमुळे अर्जेंटिनाकडून खेळू दिलं नाही, ते याच आधारावर. एरवी देशाच्या संघटनेनं त्या खेळाडूच्या कराराचा विमा काढायचा, आणि मग तो खेळणार.

विमावाली : फुटबॉलवाल्यांना हे कळायला एक मोरोक्कन माणूस लागला. अब्देलमजीद ऊल्मेर्स, बेल्जियमच्या शार्लेरुआ क्लबचा. २००४ मध्ये मोरोक्कोकडून बुर्किना फासोशी मैत्रीपूर्ण सामना खेळला आणि आठ महिने घरी बसला. छोट्या क्लबनं फिफाला कोर्टात खेचलं, मोठे क्लब पाठीशी उभे राहिले. २००८ ला तडजोड झाली. २०१२ पासून फिफा क्लबांना अशा दुखापतीचे पैसे देते, अधिकृत तारखेचा मैत्रीपूर्ण सामना असला तरी. मैत्रीपूर्ण म्हणजे फुकट नव्हे, एवढं मान्य करायला आठ वर्षं गेली.

‘मैत्रीपूर्ण’वर तिचा आवाज जरा चढला. त्याचं कारण मला माहीत आहे, सरांनाही. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला तिचा डावा गुडघा असाच दोन कॉलेजांमधल्या एका सराव सामन्यात गेला. सामना सरांनीच ठरवला होता. राज्य स्पर्धा तोंडावर होती. कॉलेजच्या ऑफिसनं सांगितलं, सामना अधिकृत वेळापत्रकात नाही, तेव्हा विद्यार्थी विम्यात बसत नाही. शस्त्रक्रियेचे पैसे तिच्या वडिलांनी भरले. हे ती कधी बोलत नाही. परवाही बोलली नाही. सरांनी मात्र विषय बदलला.

सर : बरं, क्लबांना एवढी काळजी असते ना खेळाडूंच्या गुडघ्यांची? मग ४ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये काय चाललं होतं? सॅक्रामेंटो किंग्ज आणि तुझेच ते पेसर्स. भारतातला पहिला एनबीए सामना. गुणतक्त्यात धरला जाणार होता का? नाही. हंगामापूर्वीचाच सामना. अर्धी पृथ्वी ओलांडून पोरांना आणलं. पहिल्या दिवशी स्टेडियममध्ये हजारो शाळकरी मुलं, आमच्या ओळखीची पोरंसुद्धा गेली होती. ओव्हरटाइमपर्यंत खेळले, १३२-१३१. तिथे पाय मोडत नाही का?

विमावाली : मोडतो की. पण तिथे जोखीम घेणारा आणि कमावणारा एकच आहे. किंग्जचे मालक विवेक रणदिवे, मुंबईत वाढलेले. आपल्या गावात आपला संघ दाखवायची हौस त्यांची, बाजारपेठ त्यांची, पगारही त्यांचा. पाय मोडला तर रडायचंही त्यांनीच. मी त्याच्या आड येत नाही.

सर : आणि त्याच किंग्जचा तेव्हाचा डीअॅरन फॉक्स. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या संघाबरोबर ऑस्ट्रेलियाला निघायच्या वेळी म्हणाला, मी येत नाही, मला माझ्या क्लबच्या हंगामाची तयारी करायची आहे. त्याच्याच क्लबचा हॅरिसन बार्न्स गेला. पेसर्सचा मायल्स टर्नर गेला. मेलबर्नमध्ये ५२ हजार लोकांसमोर ऑस्ट्रेलियाकडून हरले. ७८ सामन्यांची विजयी मालिका तुटली. चीनला विश्वचषक खेळले, सातवे आले. आणि मग ऑक्टोबरात मुंबईत हजर. त्यांचं काही बिघडलं नाही.

विमावाली : त्या मेलबर्नच्या तिकिटांचं विसरलात का? जाहिरातीत मोठमोठे चेहरे छापले होते. त्यातले बहुतेक आलेच नाहीत. लोक ग्राहक आयोगाकडे गेले तक्रार घेऊन.

सर : ज्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पॅटी मिल्सचे ३० गुण बघितले, त्यांचे पैसे वसूल झाले.

या टप्प्यावर दोघं आपापल्या जागी घट्ट बसले होते आणि वाद असाच विरून जाईल असं वाटलं. पण सर पुन्हा लंडनवर आले. माझ्या मते खरा मुद्दा तिथेच होता. इतका वेळ दोघंही श्रीमंतांच्या गुडघ्यांवर बोलत होते.

सर : त्या दक्षिण सुदानच्या संघात एक सतरा वर्षांचा पोरगा होता. खामान मालुआच. सात फुटांच्या वर. लहानपणी घरदार सोडून युगांडात वाढला, तिथून सेनेगलच्या अकॅडमीत. त्या उन्हाळ्यात हा पोरगा लेब्रॉनच्या संघासमोरच्या बाकावर होता. पुढच्या वर्षी एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. आता तू सांग, अमेरिकेनं मोठी नावं घरी ठेवून दुसरी फळी पाठवली असती, तर त्या पोराला मोजपट्टी कुठे मिळाली असती? अमेरिकेसाठी तो सराव असेल. त्यांच्यासाठी तोवरचा सगळ्यात मोठा सामना होता. तुमचा विमा त्याची किंमत कशात करतो?

ती बराच वेळ बोलली नाही. बूट सोडून पुन्हा बांधला.

विमावाली : करतच नाही. तुम्ही मला उलट बाजूनं पकडलंत, पण तुमच्या लक्षात आलेलं नाही. त्या रात्री समजा त्या पोराचाच गुडघा गेला असता. तर?

सर : तर काय?

विमावाली : तर माझ्याकडे फाइल आलीच नसती. लेब्रॉनचा गुडघा गेला तर करार आहे, कराराचा आकडा आहे, त्यावर प्रीमियम भरलेला आहे. त्या पोराकडे करारच नव्हता. आम्ही हाडाचा विमा काढत नाही सर, पगाराचा काढतो. ज्याला अजून पगारच नाही, त्याचं सगळं पुढे मिळायचं असतं. तेच बुडतं, आणि ते कुठल्या कागदावर नसतं.

सर : म्हणजे त्यानं खेळायला नको होतं?

विमावाली : असं मी म्हटलंच नाही. खेळला ते बरं झालं. मी म्हणते, तुम्ही ज्याच्यासाठी सराव सामना पाहिजे म्हणता, सगळ्यात उघडा तोच असतो. आणि प्रीमियमची दुसरी गंमत ऐका. तो ठरतो खेळाडूच्या कराराच्या आकड्यावर, देशाच्या तिजोरीवर नव्हे. स्लोव्हेनियासारख्या वीस लाख वस्तीच्या देशात एक लुका डॉन्चिच निघाला, की तिथल्या संघटनेला त्याच्यासाठी अमेरिकेच्या हिशेबानं पैसे मोजावे लागतात. इथे मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. गरीब संघटनेला आधी विम्याचे पैसे उभे करावे लागतात, मग सामना.

तिच्या बाजूचा कच्चा दुवा तिनंच दाखवला, हे मला आवडलं. क्युबनसारखे मालक हिशेब मागतात तेव्हा तो दोन श्रीमंतांमधला हिशेब असतो. तो चुकता करायला लावला तर लेब्रॉनचं काही अडत नाही. अडतं ते ज्यांच्याकडे एकच मोठा खेळाडू आहे त्या छोट्या देशाचं, आणि ज्याच्याकडे अजून काहीच नाही त्या सतरा वर्षांच्या पोराचं. सरांचा मुद्दाही अर्धाच होता. मोजपट्टी द्यायची ती द्या, पण मोजताना ज्याचा पाय मोडेल त्याचं काय, हे त्यांनी चाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

ड्रिल संपली. मुली पाण्याच्या बाटल्यांकडे धावल्या. एकीच्या घोट्याला क्रेप बँडेज होतं. ते सुटून मागे लोंबत होतं. सरांनी तिला थांबवून ते पुन्हा गुंडाळलं आणि पिन लावता लावता, मान वर न करता म्हणाले :

‘रविवारी पिंपरीच्या पोरींशी सामना ठेवलाय. सराव सामना. सोळा जणी आहेत. यांचा काढता येतो का तुझा तो विमा?’

‘ग्रुप पर्सनल अॅक्सिडेंट निघेल. पण नुसता तो घेऊन उपयोग नाही. त्यात मृत्यू आणि कायमचं अपंगत्व असतं. लिगामेंट त्यात बसत नाही. औषधोपचाराचा खर्च वेगळा जोडून घ्यावा लागेल.’

‘मग जोड. किती होतील?’

‘सगळ्यांच्या जन्मतारखा द्या, उद्या सांगते. आणि सर, आज गुरुवार आहे. रविवारपर्यंत पॉलिसी हातात पडेल असं नाही. सामना आठवडाभर पुढे ढकला.’

‘ढकलतो काय! त्यांनी मैदान बुक केलंय,’ सर म्हणाले आणि जन्मतारखांची वही आणायला आत गेले.